कोठ्यातला कारखाना

आरमोरी, २ सप्टेंबर १९५७

आजपासून कोठ्यात कारखाना सुरू. शेती बटईनं दिल्यापासून बैल नाहीत, कोठा रिकामाच पडला होता. शेणाचा वास आहे अजून, पण विलायतेतल्या वर्कशॉपलाही कसला ना कसला वास असेलच. करवत, रंधा, हातोडी, दोन पटाश्या. फॉरेस्ट डेपोत मुन्शी म्हणून लाकडांवर छाप मारता मारता हयात गेली. आता लाकडाला आकार देणार.

निश्चय : रोज संध्याकाळी एकच तास. बाकीचा सगळा वेळ कुंतेला. बायको झाली म्हणून काय, तिलाही मन आहे. तसं तिला सांगितलं. ती म्हणे, एका तासात का होते जी, तीन घ्या.

मोठ्या मनाची बाई.

११ सप्टेंबर

तीन तासही पुरत नाहीत. पूर्वी डेपोतून आलो की चुलीपाशी पाट टाकून बसायचो आणि कुंतेला मार्गदर्शन करायचो. भाताला आधण किती, वांगं कसं चिरावं, फोडणीत आधी काय. आता बिचारीला सांगायला कोणी नाही. पण तक्रारीचा एक शब्द नाही. काल तर काम करता करता गात होती. दुःख लपवायला माणूस गातोच.

जेवण नेहमीपेक्षा बरं होतं. योगायोग.

१९ सप्टेंबर

पहिली वस्तू तयार! कोटासाठी खुंटी. भिंतीत ठोकली, कोट अडकवला. कोट, खुंटी आणि भिंतीचं एक ढेकूळ, तिन्ही खाली आले. भिंत कच्ची निघाली. लोक घरं कशी बांधतात, देव जाणे.

२ ऑक्टोबर, सुट्टी

प्रेमिलाचा पहिला दिवाळसण. ती आणि जावईबापू गडचिरोलीहून येणार. अभ्यंगस्नानाला जावयाला बसवायला पाट लागतो. सासऱ्यानं स्वतःच्या हातानं केलेला पाट अख्ख्या जिल्ह्यात कोणाला मिळाला असेल? डेपोतून साहेबांना विचारून बिजाच्या लाकडाची एक फळी आणली. ताजी, तांबूस, देखणी.

कुंता डोकावली. म्हणे, हा बिजा हाय ना जी? ओला झाला का रंग सोडते. घरात सागाचा पाट हाय, तो का वाईट हाय? तिला समजावलं की बिजा रंग सोडतो हे शेंबडं पोरही जाणतं, त्याच्या पेल्यात रात्री ठेवलेलं पाणी सकाळी चहासारखं दिसतं. पण पाट म्हणजे काही पेला नव्हे. मी लाकडातला माणूस. ती म्हणे, हो जी. आणि गेली. पटलं तिला.

७ ऑक्टोबर

रशियानं आभाळात नवा चंद्र सोडला म्हणे. सोडतील. त्यांना दिवाळसण नाही, वेळच वेळ.

पाटाच्या मधोमध कमळ कोरायला घेतलं. आता जेवणही कोठ्यातच येतं. कुंतेनं आपणहून सुरू केलं. ताट दारात ठेवते आणि चटकन मागे फिरते. माझी एकाग्रता मोडू नये म्हणून. असं समजून घेणारी बायको भाग्यानंच मिळते.

१६ ऑक्टोबर

कमळ पूर्ण. पाकळ्या चांगल्या खोल कोरल्या. शेजारच्या शकुबाईला दाखवलं. ती म्हणे, अगं माय, पत्ताकोबी किती सुंदर जमली!

शकुबाईला उगाच दाखवलं. लाकडात पाणी मुरू नये म्हणून जवसाचं तेल चोळायचं राहिलंय. उद्या.

२१ ऑक्टोबर

पोरगी-जावई आले. जावईबापू मितभाषी, सालस. तेल राहिलंच. नैसर्गिक लाकडाची शोभा वेगळीच असते.

२२ ऑक्टोबर, नरकचतुर्दशी

लिहू की नको?

पहाटे कुंतेनं सागाचा पाट मांडला होता. तो मी सारला बाजूला, माझा मांडला. तेल, उटणं, घंगाळभर ऊन पाणी. सगळं झकास. कमळात पाणी साचलं होतं, ते दुपट्ट्यानं पुसलं आणि तोच पाट घरापुढच्या सपरीत आणून ओवाळणीसाठी मांडला. कुंता डोळ्यांनी खुणावत होती. मला वाटलं, कौतुक.

जावईबापू नवंकोरं पांढरंफेक धोतर नेसून बसले. त्यांच्या आईनं खास पाठवलेलं. कुंतेनं ओवाळलं. तेवढ्यात मी बिजाच्या लाकडावर दोन शब्द बोललो. दोनाचे जरा जास्त झाले असतील. जावईबापू सालस, ऐकत बसले.

मग उठले, देवाला नमस्कार करायला पाठ फिरवली. आधी ओवाळणी पाहायला आलेल्या शकुबाईच्या तोंडातून फुस्सकन हसू सुटलं. म्हणे, अगं बाई, पत्ताकोबी! मग पोरंसोरं, मग सगळेच. मागच्या बाजूला तांबडं कमळ, पाकळीन् पाकळी उठलेली. जन्मभर मी लाकडांवर छाप मारली, आज लाकडानं माणसावर मारली.

छाप मात्र सुबक होती. हे बोलून दाखवायला नको होतं.

प्रेमिला रडली. कुंतेनं धोतर ताकात भिजवलं, लिंबू चोळलं, राख चोळली. कमळ उलट खुललं. दुपारच्या मोटरीनं दोघं गेले. जावयाच्या अंगावर माझं धोतर, जेमतेम पोटऱ्यांपर्यंत. जाताना कुंता पोरीला धरून म्हणे, आता तुया सासूले का तोंड दाखवू मी?

माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

२४ ऑक्टोबर, पाडवा

ओवाळलं. पाट न मांडता, उभ्यानंच. दोन दिवस झाले, कुंता बोलत नाही.

विचार केला. हा राग धोतराचा नाही. दोन महिने मी कोठ्यात, ती घरात एकटी. झुरली बिचारी. चूक झाली. कोठ्याला कुलूप लावलं, किल्ली तिच्या हातात दिली. म्हटलं, कारखाना बंद. यापुढचा सगळा वेळ तुझा. तिनं किल्ली कमरेला खोचली आणि माझ्याकडे पाहतच राहिली. डोळे भरले होते.

आनंदच तो.

२६ ऑक्टोबर

सकाळपासून चुलीपाशी. डबे उंचीप्रमाणे लावून दिले. तिखटाचा डबा तिला दिवसभर सापडला नाही, सवय होईल. सूप कसं धरावं, चूल कशी पेटवावी, सगळं शांतपणे सांगितलं. मध्येच कुंता शकुबाईकडे विस्तव आणायला गेली. घरची चूल पेटलेली असताना. तिथून तासाभरानं आली.

२८ ऑक्टोबर

कुंता बोलली! म्हणे, आज डेपोत नाई जात का जी? म्हटलं, तुझ्यासाठी पंधरा दिवसांची रजा टाकली. ती मटकन खालीच बसली. म्हणे, काऊन?

म्हटलं, प्रेम.

३० ऑक्टोबर

खोटं कशाला लिहू, ही रोजनिशी माझीच आहे.

कुंतेची भाकरीचं पीठ मळायची एक लाकडी काठवट आहे, माहेरची. तिच्या आईनं वापरलेली. कुणाला हात लावू देत नाही. सकाळी मी आंघोळीला गेलो होतो, साबण राहिला म्हणून परत आलो. दाराआडून पाहिलं तर कुंतेनं काठवट पालथी घातलेली, हातात मुसळ. इकडेतिकडे पाहिलं, डोळे मिटले, आणि घातला दणका. काठवट उभी फुटली. कुंतेनं पदर डोळ्यांना लावला, क्षणभरच. मग कमरेची किल्ली काढून कोठ्याकडे गेली.

मी पाहिलं हे तिला माहीत नाही. आईची काठवट फोडली हो तिनं, मला घराबाहेर काढायला.

आंघोळ करून आलो तर कोठा झाडून स्वच्छ, हत्यारं मांडलेली, पाण्याचा तांब्यासुद्धा भरून ठेवलेला. काठवटीचे दोन तुकडे माझ्या हातात देऊन म्हणे, आपोआपच फुटली जी. तुमच्याबिगर कोणाले जमन?

मी तुकडे घेतले. विचारलं, कधीपर्यंत पाहिजे?

म्हणे, घाई नाई. पुढच्या पोळ्यापर्यंत झाली तरी चालते.