गिधाडं मोजायची नाहीत

१२ ऑक्टोबर १९१८
सगळा वर्ग एका सुरात आर्या म्हणतो आहे, मधेच एकाचा चिरका आवाज वर चढतो — चाळीस वर्षांपूर्वीचा तो आवाज आज पहाटे कानात आला. बाहेर येऊन पाहतो तर घारीची शीळ.
दुपारपर्यंत गरूड एकोणतीस, ससाणे चार. सगळे दक्षिणेला. दरसाल आश्विनात मी सातपुड्यावर, नवलसिंग पावऱ्याच्या या खोपीत येऊन राहतो, ते हे प्रवासी पक्षी मोजायलाच. त्याची बायको रूपलीबाई हसते — "मास्तर आभायना तलाठी शे. पन तठे सारा कोन भरी?"

१४ ऑक्टोबर
ओळ सुचली: ‘उडे पाखरू दक्षिणेच्या दिशेला.’ दुसरी जुळत नाही.
खाली मानमोडी आली म्हणतात. ताप, खोकला, नि तिसऱ्या दिवशी माणूस नाही. वस्तीनं वाट बंद केली — बोरीच्या काट्या आडव्या टाकून. वरचा खाली नाही, खालचा वर नाही.
खाली कळसाडीला घरी बायको जमुना नि आमची लेक हिरी. पोर बाळंतपणाला आलेली, दिवस भरलेले. निघताना जमुनाच म्हणाली होती, "जा तुम्ही. पोरजोडे मी शे ना."

१७ ऑक्टोबर
गरूड अकरा. मन नाही.

१९ ऑक्टोबर
गिधाडं मी कधी मोजत नाही. ती प्रवासी नव्हेत, इथलीच. आज मात्र सकाळपासून तीच पाहतो आहे — कळसाडीच्या अंगाला, घिरट्या घालणारी. गरूड पुढे सरकतो. गिधाड एका जागी फिरतं नि उतरतं. वर्षानुवर्षं पोरांना हा फरक हौसेनं शिकवला. आता तो विसरता आला तर बरं.
मनाला समजावतो — यंदा पाऊस नाही, चारा नाही, गुरं मरताहेत. गुरंच असतील.
आणि माणसं जाळायला माणसंच उरली नसतील तर?

२० ऑक्टोबर
नवलसिंगाचे पाय धरायला वाकलो. तो मागे सरकला. "पाय नका धरू, मास्तर. जावानं व्हई तं जा, मी वाटवरली काटी उचलस. पन परत येवानं नही. मन्ही वस्तीमा बी लेकरं शेतस."
खरं तेच बोलला. मग राग कुणावर काढू? तिन्हीसांजेला चुलीवर काढला, भाकरी जळून गेली.
आज आभाळभर गरूड होते. मोजले नाहीत.

२१ ऑक्टोबर
गिधाडं खाली उतरली, नदीकडच्या झाडांत. परत वर आली नाहीत.
देवा, नजर एवढी धड कशाला ठेवलीस?
उद्या उतरतो. परत येणं नाही तर नाही.

२२ ऑक्टोबर
धोतर खोचलं, काठी घेतली, ताटी लोटली — समोर विहीणबाई. हिरीची सासू. लग्नात मानपानावरून तुटलं, तेव्हापासून तिनं माझं तोंड पाहिलं नव्हतं. एकटी, अनवाणी, छातीशी फडक्यात तान्हं. नवलसिंगानंच काट्या बाजूला ओढल्या म्हणे.
"जमुनाबाई बी गयी, हिरी बी गयी. हाई ऱ्हायनी," ती म्हणाली. "धरा. मन्हा हात अवघडी गयात."
तिच्यामागून रूपलीबाई चढण चढत होती, दुभत्या शेळीला दोरीनं ओढत.