ओवी आता रडत नाही

दादर, रविवार

प्रिय अपूर्वा,

फोनवर तू मला मधेच तोडतेस, म्हणून लिहिते आहे. पत्राला 'आई, तुला कळत नाही' म्हणता येत नाही.

परवा तुझ्या परळच्या घरी आले, तेव्हा फ्रिजवरचा तो तक्ता पाहिला. बाळाशी घट्ट नातं जोडण्याच्या म्हणे सात पायऱ्या. ऑनलाइन वर्गातल्या कोण त्या बाई सांगतात आणि तू मान डोलावतेस. सकाळी दहा मिनिटं डोळ्यांत डोळे, संध्याकाळी पंधरा मिनिटं मालिश, आणि मालिश करताना तुझं लक्ष घड्याळाकडे. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच.

याच शहाणपणातून तू लक्ष्मीला काढलंस. तू कामावर परत गेलीस तेव्हा ओवी पाच महिन्यांची होती. तेव्हापासून नऊ महिने भोईवाड्याची ही बाई सकाळी आठला यायची, तिला न्हाऊमाखू घालायची, मऊ भात भरवायची. मग एकदा ओवी पडली आणि तुझ्या हातातून सुटून लक्ष्मीकडे गेली, तेही तुझ्या सासरच्या माणसांसमोर. तुझं नाक कापलं गेलं. दुसऱ्या दिवसापासून लक्ष्मी बंद. तिच्या जुन्या साडीचं दुपटं घेतल्याशिवाय ओवी झोपत नसे, तेही तू जंतुनाशकात उकळून काढलंस. बाळं वासावरून माणूस ओळखतात, हे तुझ्याच तक्त्यात तिसऱ्या पायरीवर छापलंय. तो फ्रिजची शोभा म्हणून लावलायस का?

परवा ओवी चटईवर बसली होती. बेल वाजली तरी तिने मान वळवली नाही. मी उचललं तर आली, खाली ठेवलं तर बसली. तू कौतुकाने सांगितलंस, तीन दिवस रडली, चौथ्या दिवशी विसरली, किती शहाणी. शहाणी म्हणे. अगं, चौदा महिन्यांचं मूल विसरत नाही, ते हाक मारायचं सोडून देतं.

काल मी भोईवाड्याला जाऊन आले. लक्ष्मीने तुझ्याबद्दल चकार शब्द काढला नाही. पोर नीट जेवते ना, एवढंच तिच्या मालवणीत विचारलं, "चेडू जेवता मा?" बुधवारपासून तिला माझगावचं दुसरं बाळ मिळतंय. मंगळवारपर्यंत वाट बघते म्हणाली. ओवीला कडेवर घेऊन तू स्वतः जा. एकीवर जीव लावायला शिकलेली पोर उद्या तुझ्यावरही लावेल, पण आधी तिला ती एक परत मिळू दे.

मला हे कुठून कळलं, ते आता सांगते. नायगावच्या चाळीत होतो तेव्हा मी ऑफिसला जायचे आणि समोरच्या खोलीतली आक्का तुला सांभाळायची. तू तिला आई म्हणालीस, आणि मी तुझं तिकडे जाणं बंद केलं. तीन दिवस तू तिच्या दारावर थापा मारत रडलीस. चौथ्या दिवशी गप्प झालीस. माझी अपू किती शहाणी, असं मी चाळभर सांगत फिरले. तुझ्याहून मोठी मूर्ख मीच. चौतीस वर्षं तू माझ्याशी नीट वागतेस, सणाला येतेस, औषधं आणून देतेस. माझ्याजवळ रडायला मात्र एकदाही आली नाहीस.

तुझीच,
आई