सोनेरी पॅकेज, स्त्रियांसाठी

६ जानेवारी
तीन राजांचा सण. सगळे जमले होते. गोड पाव कापायच्या आधी दुलियानं सांगून टाकलं: डॉक्टरीणबाई तयार आहेत, रक्ततपासणी नीट आली की चार फेब्रुवारीला हार्मोनच्या गोळ्या सुरू. मी शांतपणे मान डोलावली. मी पुढारलेला बाप आहे. पोरगा म्हणून वाढवलेली पोर मुलगी निघाली, हे मी एका आठवड्यात पचवलं. (माझी बायको रेमे म्हणते, आठ महिने. बायकांना हिशेब कळत नाही.) जगात इतकी नावं असताना तिनं माझ्या आईचं घेतलं. ओब्दुलिया, घरात दुलिया. तेव्हापासून तिच्यावर ओरडायला तोंड उघडलं की आईच समोर दिसते.

पावात लपवलेली बाहुली माझ्याच तुकड्यात आली. गालात लपवली. रेमे म्हणाली, म्हाताऱ्या, तोंड उघड. बाहुली ज्याला मिळेल, जेवण त्याचं; म्हणजे दोन फेब्रुवारीला अख्ख्या गोतावळ्याला तमाल, मक्याच्या पिठाचे पानात उकडलेले, खाऊ घालायचे ते मी.

८ जानेवारी
डॉक्टरची चिठ्ठी पाहिली. टेस्ट चारच! मूत्रपिंड आणि पोटॅशियम, यकृत, साखर आणि चरबी, हार्मोन. हसू आलं. बावीस वर्षं पुएब्ला शहरात गाड्यांचा धूर तपासतोय. खटारा टॅक्सीलासुद्धा आम्ही याहून जास्त नळ्या लावतो. तपासणीतलं मला कोण शिकवणार?

संकल्प: हे खातं आजपासून माझं.

९ जानेवारी
माझी यादी तयार. जंत, संधिवात, शिसं, तीन प्रकारची कावीळ, अ‍ॅव्होकाडोची अ‍ॅलर्जी. दुलियाला दाखवली. ती म्हणाली, बाबा, जिचा रिपोर्ट काहीही आला तरी माझ्या गोळीत फरक पडणार नाही, ती टेस्ट करायची कशाला? मी म्हटलं, माहिती असलेली बरी. ती म्हणाली, मी जन्मापासून अ‍ॅव्होकाडो खातेय, माहिती आहे. चष्म्याच्या दुकानातल्या पगारात चार टेस्ट बसतात, चारच करणार.

तरुण पिढीला धीर नाही.

१४ जानेवारी
हुकमी एक्का सापडला! चौकातल्या लॅबमध्ये ‘सोनेरी पॅकेज, स्त्रियांसाठी’. चौतीस टेस्ट, अर्ध्या किमतीत. स्त्रियांसाठीचं घेतलं हे मुद्दाम नोंदवतो. किती बाप घेतील? पैसे रोख भरून आलो. रिपोर्ट यायला वेळ लागतो, म्हणजे चार तारीख कदाचित पुढे जाईल. त्याला इलाज नाही. विज्ञान आहे.

१५ जानेवारी
दुलियानं पॅकेज वाचलं. एकेका ओळीवरून बोट फिरवत गेली. मग म्हणाली, बाबा, यातल्या निम्म्या गोष्टी माझ्याकडे नाहीतच. रेमे हसून हसून खुर्चीवरून घसरली. पैसे परत मिळत नाहीत. घरातल्या दुसऱ्या कुणाच्या नावावर मात्र करता येतं. रेमेकडे पाहिलं. ती म्हणाली, विचारसुद्धा करू नकोस.

२२ जानेवारी
दुलिया परस्पर स्वस्तातल्या लॅबमध्ये जाऊन चार टेस्ट करून आली. मला विचारलं नाही. रागावलो नाही. दुपारी जेवलो नाही, पण ते वेगळ्या कारणानं.

२६ जानेवारी
तिचे रिपोर्ट आले. सगळे ठीक. दोनदा वाचले, तिसऱ्यांदा चष्मा लावून. एखादा आकडा तरी काठावर असेल असं वाटलं होतं. नाही. आनंद झाला. झालाच.

२८ जानेवारी
पैसे वाया घालवणं पाप आहे. सोनेरी पॅकेज मीच करणार. धडधाकट माणसाचा रिपोर्ट कसा असतो ते घरात एकदा सगळ्यांना दिसू दे. तीन तारखेची वेळ घेतली. बारा तास कडक उपाशी राहायचं आहे. मला काय कठीण?

२ फेब्रुवारी
तमाल. शंभर सांगितले होते, यजमान म्हणून प्रत्येक जातीचा चाखावा लागला. हिरवे, लाल, तिखट, मनुकांचे गोड. उपास रात्री आठपासून.

रात्री सव्वादहा. उपास आत्तापासून.

३ फेब्रुवारी, पहाट
एक गोड तमाल पानासकट उरला होता. तो उरलेला, म्हणजे कालचाच धरायचा.

३ फेब्रुवारी, दुपार
लॅब खच्चून भरलेली. काउंटरवरची मुलगी कागद बघून ओरडली, स्त्रियांचं सोनेरी पॅकेज, सेन्योरा हेरिबेर्ता, या बाई! सगळी डोकी वळली. हेरिबेर्तोची हेरिबेर्ता झालेला मी उठलो. कुणीतरी खुदकन हसलं. मी बाई नाही असं म्हटलं, पण इतक्या हळू की माझं मलाच ऐकू आलं नाही.

दुलियाला अशी चुकीची हाक वीस-बावीस वर्षं सगळेच मारत होते. मीही. सगळ्यांत मोठ्यानं मीच.

असो. नळीतलं रक्त पाहून नर्स म्हणाली, उपाशी आहात ना? वर दुधासारखी साय आली आहे. मी म्हटलं, आमच्या घराण्यात असंच असतं.

४ फेब्रुवारी
डॉक्टरीणबाईंनी दुलियाचे रिपोर्ट एका नजरेत वाचले आणि गोळ्या लिहून दिल्या. मी म्हटलं, थोडं थांबून पुन्हा एकदा तपासलं तर? दुलियानं माझा हात धरला. म्हणाली, बाबा, तुम्ही घाबरलात का?

हो म्हणालो. काहीतरी निघेल म्हणून घाबरलो होतो. काहीच निघालं नाही म्हणूनही घाबरलो. ही पोर आता खरंच पुढे निघाली, आणि मी तिच्या वाटेत चौतीस टेस्ट आडव्या टाकल्या होत्या.

तेवढ्यात तिनं सकाळीच लॅबमधून आणलेला माझाही रिपोर्ट (एका दिवसात आला!) टेबलावर ठेवला. तो वाचायला बाईंना बराच वेळ लागला. एक बातमी चांगली: मी गरोदर नाही. बाकी चरबी आभाळाला, आणि गेल्या तीन महिन्यांची सरासरी साखरही. मी तमालचं नाव पुढे केलं. त्या म्हणाल्या, चरबी उपाशीपोटी पुन्हा बघू, पण ही साखर कालच्या तमालवर ढकलता येणार नाही. चौतीसपैकी तुमच्या कामाच्या दोनच होत्या, हेरिबेर्तो.

रात्री आठ. दोघांनी मिळून गोळ्या घेतल्या. तिची इवलीशी. माझी साखरेची, घोड्याला द्यावी एवढी. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. माझ्याही आलं, पण गोळी घशात अडकली होती.

११ फेब्रुवारी
पुन्हा लॅब. या वेळी टेस्ट एकच. दुलियानं कामावरून रजा घेतली, काल रात्री स्वयंपाकघराच्या दारात खुर्ची टाकून बसली. काउंटरवरच्या मुलीनं विचारलं, पेशंट कोण? मी सवयीनं दुलियाकडे बोट केलं.

दुलिया म्हणाली, पेशंट हे. मी यांची मुलगी, सोबत आले आहे.

मुलीनं माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, हो, मुलगी. खोलीभर ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं.

उपास पाळला. भूक भयंकर.