चार गिअर मागे, एक पुढे

ती. वन्संना वाकून नमस्कार. (वाकून हे मनातल्या मनात. माझी कंबर धरली आहे. कारण पुढे येईलच.) तुमचा गुडघा आता जिना चढू देतो का? आमच्याकडे सगळे ठीक, म्हणजे मी सोडून सगळे. तुम्ही फोनवर सासूबाईंच्या डोळ्यांची चौकशी करता आणि तुमचे बंधुराज दर वेळी "जीपचं काम चालू आहे" एवढंच सांगून फोन ठेवतात. डोळा आणि जीप यांचा संबंध तुम्हाला लागला नसणार, म्हणून सविस्तर लिहिते.

सासूबाई टेकडीवरच्या घरात एकट्या राहतात आणि दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकले आहेत, हे तुम्हाला ठाऊकच आहे. डॉक्टरांनी बजावलं, आता उशीर केलात तर मी जबाबदार नाही. अडचणी दोन. एक, वरच्या रस्त्यात मधोमध आडवा पसरलेला तो दगड, ज्यावर आपल्या जीपचं पोट दर खेपेला आपटतं. दुसरी, खुद्द सासूबाई. "घराकडे पाठ फिरवून मी कुठेही जायची नाही. तुझे सासरे तसेच गेले दवाखान्यात, आले का परत?" तुमच्या बंधूंनी दोन्ही अडचणींचा विचार केला आणि त्यातला दगड निवडला.

मी म्हटलं, दगड फोडून घ्या. त्यांनी माझ्याकडे फार दयेने पाहिलं. म्हणाले, "दगड फोडला तर एका दगडाचा प्रश्न सुटतो. ॲक्सल उचलला तर जगातल्या सगळ्या दगडांचा सुटतो." (जगातले बाकीचे दगड आपल्या वाटेत कधी येणार, हे मी विचारलं नाही. विचारायला हवं होतं की काय, असं अजून वाटतं.)

तर ॲक्सल म्हणजे डाव्या चाकापासून उजव्या चाकापर्यंतचा तो आडवा लोखंडी दांडा. तो चाकाच्या मध्यावर बसतो, म्हणून खाली लोंबतो. यांची युक्ती अशी, की प्रत्येक चाकापाशी एक गिअरची पेटी बसवायची. पेटीत वर एक दातेरी चाक, खाली एक. दांडा वरच्याला जोडायचा, गाडीचं चाक खालच्याला. झाला दांडा वीतभर उंच. या कामी त्यांना त्यांच्यासारखाच एक लेथवाला भेटला. त्याला सगळे मायक्रॉन म्हणतात, कारण त्याच्या तोंडी दुसरं माप नाही. काम त्याच्या वर्कशॉपमध्ये होईल असं ठरलं होतं. झालं आमच्या बैठकीच्या खोलीत. पुढचा ॲक्सल सोफ्यावर पहुडलेला असायचा आणि पाहुणे त्याच्या शेजारी अंग चोरून बसायचे. गिअर डिझेलमध्ये धुवायला माझं कणीक मळायचं परातीएवढं भांडं गेलं. ते भांडं मी परत घेतलेलं नाही, घेणारही नाही.

चाचणीच्या दिवशी सगळी कॉलनी गोळा झाली. जीप एवढी उंच, की तुमचे बंधू आत चढले ते शिडीवर चढल्यासारखे. त्यांनी समोर पाहिलं, पहिला गिअर टाकला आणि जीप ऐटीत मागे गेली. कुंपणाची भिंत लागेपर्यंत गेली. त्यांना वाटलं गिअर चुकला, म्हणून पुन्हा पुढे आणून (ते कसं आणलं, हे कळायलाही बराच वेळ गेला) त्यांनी दुसरा टाकून पाहिला. जीप अधिक वेगाने मागे गेली, या वेळी भिंत पाडूनच थांबली. हा माणूस पदवीधर आहे, हे मी इथे मुद्दाम नमूद करते.

दोन दातेरी चाकं एकमेकांत अडकली, की एक उजवीकडे फिरलं तर दुसरं डावीकडे फिरणार. माझ्या अंडी फेटायच्या यंत्रालाही हे माहीत आहे. थोडक्यात, आपल्या जीपला आता चार गिअर मागे जायचे आहेत आणि पुढे जायचा एक, तो म्हणजे जुना रिव्हर्स. मायक्रॉन पडलेल्या भिंतीवर उभा राहून म्हणाला, "वहिनी, माप तपासून घ्या. एक मायक्रॉन इकडेतिकडे नाही."

"माप बरोबरच आहे हो भाऊ," मी म्हटलं, "दिशा तेवढी बघा."

मग मी हसले. गरजेपेक्षा जास्त हसले. ते मला नंतर बरं वाटलं नाही, पण खोटं कशाला लिहू, पुष्कळ नंतर.

उपाय आहे म्हणे: दोन्ही ॲक्सल खोलून उलटे बसवायचे. पण ऑपरेशनची तारीख तोंडावर आलेली. तशीच जीप घेऊन आम्ही टेकडी चढलो, त्या एकुलत्या एका गिअरवर, इतक्या हळू की एक शेळी आम्हाला ओलांडून गेली. दगडाला जीप लागली नाही. न्यायाने लिहायला हवं, म्हणून लिहिते. सासूबाईंना स्टुलावर चढवून वर लोटताना माझी कंबर गेली. उजव्या डोळ्याचं ऑपरेशन उत्तम झालं. तुमच्या बंधूंनी त्याचं सगळं श्रेय ॲक्सलला दिलं आहे. येत्या रविवारी ते ॲक्सल उलटे बसवणार आहेत आणि माझी बैठकीची खोली पुन्हा जाणार आहे. अशा माणसाला लहानपणी तुम्ही कुणी आवरलं कसं नाही?

कळावे, लोभ आहेच.

तुमची भावजय

ता. क. सासूबाई आल्या कशा, ते राहिलंच. त्या येणार नव्हत्याच. "आई, नुसती बसून बघ, किती उंच झाली आहे," म्हणून यांनी त्यांना चढवलं आणि पहिला गिअर टाकला. आता "थांबव" येणार म्हणून मी डोळे मिटले. पण जीप तोंड घराकडे ठेवून मागे मागे उतरू लागली. सासूबाई दांडी धरून समोर बघत म्हणाल्या, "अरे, घर समोरच आहे की!" शेवटच्या वळणापर्यंत त्या बघत राहिल्या. धूसर डोळ्यांना काय दिसलं असेल कोण जाणे, पण पांढरी भिंत दिसते म्हणाल्या. मग स्वतःच म्हणाल्या, "चल, आता वळव." "वळवून काय करू आई, ही अशीच जाते," हे म्हणाले, आणि दवाखान्याच्या फाटकापर्यंत आम्ही तसेच गेलो.

डावा डोळा अजून व्हायचा आहे. तो होईपर्यंत ॲक्सलला हात लावायचा नाही, असा तुम्ही मोठी बहीण म्हणून त्यांना दम भरा. कारण काहीही सांगा. मी सांगितलं तर त्यांना वाटेल, मला ती जीप आवडली.

ता. क. २. हे पत्र त्यांना खुशाल दाखवा. वरचा ता. क. तेवढा फाडून ठेवा.