वेग मोजायचा कुठं?

ढाणकी, १२ ऑक्टोबर २०१७

ती. नलूआत्यास,
दिपालीचा सा. न. वि. वि.

फोनवर मी नुसती भांडते आन तुह्यासारख्या वकिलाच्या हाती काही लागत नाही, असं तू म्हणालीस, म्हणून लिहून पाठवून राह्यली. मेल धड जात असती तर भांडणच नव्हतं.

माह्या कॉम्प्युटर सेंटरवर कंपनीनं ब्रॉडबँड दिलं, दारावर भलामोठा बोर्डही लावला. कपाशीवर बोंडअळी आल्यापासून सारं गाव बोंडांचे फोटो घेऊन माह्याकडं येते. कृषी विद्यापीठातले शास्त्रज्ञ फोटो पाहून कोणतं औषध आन किती, ते कळवतात. पण फोटो अर्ध्यातच अडकते. बाबांच्या वावरात फवारणी करणारा सेवादास मागच्या हप्त्यात दुपारपर्यंत उत्तराची वाट पाहत बसला. मग कंटाळून दुकानदारानं दिलेली दोन औषधं एकत्र करून फवारली. सांजीले त्याले दिसणंच बंद झालं. यवतमाळच्या दवाखान्यात आहे. जीव वाचला, नजरही हळूहळू येऊन राह्यली. त्याची बायको जमनी मले काहीच बोलली नाही. तेच जास्त लागलं.

कंपनी म्हणते, वेग पूर्ण आहे. मी दिल्लीच्या दूरसंचार नियामक मंडळाले लिहिलं. मंडळानं कळवलं की वेग उमरखेडच्या टेलिफोन एक्सचेंजमध्ये मोजायचा असते, आन तिथं तो बरोबर आहे. आत्या, कंपनीच्या परवान्यात ‘ग्राहकास इतका वेग द्यावा’ असं लिहिलं आहे. मी काय एक्सचेंजमध्ये राह्यते? हायकोर्टात जायचं. नाही म्हणू नको.

आई सांगते, कोर्टाच्या नादात जेवण चुकवू नको. माया आहे तेवढी राहू दे.

तुहीच,
दिपाली


नागपूर, ३ फेब्रुवारी २०१८

चि. दिपालीस,
अ. उ. आ.

काल आपण हरलो. पहिल्याच ओळीत लिहिते, कारण तू शेवट आधी वाचणारी आहेस.

न्यायमूर्तींनी माझं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, वेग कुठे मोजायचा हा तांत्रिक प्रश्न आहे आणि कायद्यानं तो मंडळाकडे सोपवला आहे. परवान्यातल्या ‘ग्राहकास’ या शब्दाचे दोन अर्थ निघत असतील आणि मंडळानं त्यातला एक धरला असेल, तर तो आम्हाला पटो न पटो, आम्ही मध्ये पडणार नाही. माणूस वाईट नाही गं. उद्या कोर्टालाच तारा आणि खांब मोजत बसावं लागेल, ही त्यांची भीती. इतकी वर्षं हे उत्तर ऐकते आहे, मला ते आता पाठच झालंय.

बाहेर आल्यावर कंपनीचे वकील भेटले. अपील करू नका, तुमच्या भाचीच्या सेंटरपुरती वेगळी लाईन टाकून देतो, म्हणाले. दिपू, घे ती. गावाचे फोटो तिच्यावरून जातील. मी थकले आहे, हेही खरं.

तुझ्या बाबांना, पुंडलिकदादाला म्हणावं, गुडघ्याचं दुखणं अंगावर काढू नकोस. रागावलीस तरी लिहीत राहा.

तुझी,
नलूआत्या


ढाणकी, ११ फेब्रुवारी २०१८

ती. नलूआत्यास,
सा. न. वि. वि.

रागावली. लई रागावली. म्हणून उशिरा लिहून राह्यली.

कंपनीचा माणूस वायर घेऊन आलता. त्याले चहा पाजला आन वायरीसकट वापस पाठवलं. मले एकटीले वेग भेटला तर शाळेनं काय करायचं, दवाखान्यातल्या सिस्टरनं काय करायचं? आन कंपनी माह्याकडंच बोट दाखवीन, पाहा, ढाणकीत कसं मस्त चालते.

कोर्ट म्हणते ना, मंडळच ठरवीन? मग मंडळालेच सुखानं बसू द्यायचं नाही. ते नियम बदलून राह्यले, लोकांची मतं मागवली आहेत, आन पोस्टानं पाठवलेलंही चालते. आपले मोहिउद्दीनचाचा, रेडिओ-मोबाईल दुरुस्तीवाले, कळंब आन पांढरकवड्याले जाऊन आले. तिकडंही हेच रडगाणं आहे. सारे लिहून राह्यले. सेवादासनं स्वतः सांगून माह्याकडून लिहून घेतलं, आन मी एक शब्द सौम्य केला तर पुन्हा लिहायले लावलं.

मंडळाची सुनावणी नागपुरात आहे. आम्ही जीप करून येऊ. तू थकली असशील तर नुसती शेजारी बस.

जेवायले मात्र तुह्याकडंच.

दिपाली


नागपूर, २० डिसेंबर २०१८

चि. दिपालीस,
अ. उ. आ.

आज पेढे वाटले. सांगते.

सुनावणीत जमनीनं साहेबांना सांगितलं होतं की माझ्या नवऱ्याची फवारणी ढाणकीच्या वावरात होती, उमरखेडच्या एक्सचेंजात नव्हती. साहेबांनी ते वाक्य तसंच लिहून घेतलं, ते तू पाहिलंस. वेग ग्राहकाच्या घरात मोजावा, असा नवा नियम त्यानंतरच निघाला. त्याविरुद्ध कंपनी कोर्टात गेली. तेच न्यायमूर्ती. या खेपेला कंपनीचे वकील ओरडून सांगत होते की शब्दाचा अर्थ लावणं हे कोर्टाचं काम, मंडळाचं नव्हे. आणि मी उभी राहून म्हणाले, हा तांत्रिक प्रश्न आहे, मंडळानं ठरवलंय, कोर्टानं मध्ये पडू नये. बोलताना माझा आवाज मलाच परका वाटला. पण कंपनीची याचिका फेटाळली गेली.

जीप भरून आलेल्या सगळ्यांना आशीर्वाद. थकवा गेला म्हण.

नलूआत्या


ढाणकी, २८ डिसेंबर २०१८

ती. नलूआत्यास,
सा. न. वि. वि.

लाईन आली. शाळेतही आली, दवाखान्यातही. काल सेवादासनं बोंडाचा फोटो पाठवला, उत्तर येईपर्यंत उभाच होता, बसलाही नाही. उत्तर आलं, फवारायची गरज नाही. तो पंप खांद्याले लावून तसाच घरी गेला. जमनी मले पहिल्यांदा मनमोकळं बोलली.

पण आत्या, पेढा खाल्ला तरी मी गप्प बसणार नाही. मंडळ चुकलं तेव्हा कोर्ट बाजूले झालं. मंडळ बरोबर निघालं तेव्हाही बाजूलेच झालं. खरं काय, ते त्यानं एकदाही सांगतलं नाही. उद्या मंडळावर दुसरे साहेब आले आन त्यांनी नियम फिरवला, तर आम्ही पुन्हा जीप करायची? मंडळाच्या मर्जीनं भेटलेली लाईन मी वापरीन, पण उपकार मानणार नाही.

यवतमाळच्या लॉ कॉलेजात येत्या जूनमध्ये प्रवेश घेणार आहे. बाबा म्हणाले, या वयात काहून? म्हटलं, त्या न्यायमूर्तींसमोर एक दिवस मले स्वतः उभं राह्यचं आहे. ते निवृत्त झाले असतीन तर त्यांच्या जागी जो बसला असीन, त्याच्यासमोर.

तुह्यासारखी थकीन तेव्हा थकीन. तोवर तुही जुनी पुस्तकं पाठवून दे, आन माया त्यातच बांधून दे.

तुही भांडखोर,
दिपाली