कंपासपेटीतलं इंजेक्शन

आबा,

काल शहरात, शाहूपुरीत तुमचं एक जुनं गिऱ्हाईक भेटलं. ‘‘तुमचे वडील उघड्या हातांनी पेटी उघडायचे, मधमाशी त्यांना कधी डसलीच नाही,’’ असं मला कौतुकानं सांगत होतं. मी हसले आणि मधाची बाटली कागदात गुंडाळून दिली. डसली नाही म्हणे. तुमचे कपडे धुणारी मी होते. सदऱ्याच्या बाहीत रुतलेले काटे मी नखानं काढलेत, आणि आंघोळीला जाताना टॉवेलाखाली झाकून नेलेला सुजका दंडही पाहिलाय. एवढा ढोंगी माणूस पंचक्रोशीत दुसरा नव्हता आणि तो नेमका माझा बाप निघाला.

वारणानगरच्या पलीकडं आपल्या शेताच्या बांधावर, जांभळीखाली पेट्या होत्या. मध न्यायला कोणी आलं की तुमचा खेळ सुरू. तोंडाला जाळी नाही, हातमोजे नाहीत, पेटीतली माश्यांनी लगडलेली चौकट उचलून पाहुण्यांच्या नाकापर्यंत न्यायची. ‘‘मधमाशी मानूस वळखती की, पावणं. भित्र्यालाच चावती.’’ पाहुणे माना डोलवायचे आणि तुम्ही फुलून यायचात. तेवढ्या माना डोलाव्यात म्हणून तुम्ही जगत होता, असं आता मला स्पष्ट दिसतं.

मी विशीत होते तेव्हा मला मानेवर एक माशी डसली. दहा मिनिटांत अंगभर गांधी उठल्या, ओठ सुजले, श्वास घशातच अडकायला लागला. तुम्ही पाहुण्यांशी बोलत होता. मागं वळून म्हणालात, ‘‘चुना लाव आन् गप बस. एवढ्यानं मरत न्हाय कोन.’’ आईनं मला डेअरीच्या दुधाच्या टेम्पोत घातलं आणि दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी मांडीत ॲड्रेनॅलिन टोचलं, तेव्हा श्वास परत आला. मागाहून तुम्ही आलात, तेही पायताण वाजवत. डॉक्टर म्हणाले, ‘‘मधमाश्या पाळणाऱ्यांच्यात हे होतं. वर्षानुवर्षं डंख सोसलेलं अंगसुद्धा एखाद्या दिवशी उलटतं. नुसत्या गोळीवर तेव्हा भागत नाही. तुम्हीही एकदा तपासून घ्या.’’ तुम्ही म्हणालात, ‘‘आमच्यात तसलं काय न्हाय. पोरगी जरा नाजूक हाय.’’

डॉक्टरांनी मला औषधाची कुपी आणि सिरिंज जवळ ठेवायला दिली, कशी भरायची, कुठं टोचायची ते शिकवलं. मी ती माझ्या शाळेतल्या कंपासपेटीत ठेवली. तुम्ही तिला ‘बाईसाहेबांचा दागिना’ म्हणायचात आणि आल्यागेल्याला दाखवून हसायचात. जाळी बांधून, मोजे घालून मी पेट्यांशी जायची तेव्हाही हसायचात. मला मात्र पेट्या सोडायच्या नव्हत्या. माश्यांशी माझं भांडण कधीच नव्हतं.

त्यानंतर तिसऱ्या वर्षी, सकाळीच, शिवाजी पेठेतले चौघं मध न्यायला आले होते. तुमचा खेळ रंगात आला होता आणि तुमच्या कानामागं माशी डसली. तुम्ही खिशातून काहीतरी काढून लवंगेसारखं तोंडात टाकलं आणि बोलत राहिलात. थोड्या वेळानं बांधावर बसलात. अंग घामानं डबडबलं होतं, आवाज घोगरा झाला होता. एकानं विचारलं तर म्हणालात, ‘‘ऊन लागलं जरा.’’ मी कंपासपेटी घेऊन आले. तुम्ही माझा हात बाजूला सारलात. ‘‘ठेव ती. मानसं बघाल्यात.’’

पाहुण्यांना निरोप द्यायला उठलात आणि तिथंच कोसळलात. मग मी धोतरावरूनच टोचलं. टेम्पो मिळाला, दवाखाना आला, तुम्ही मात्र वाटेतच गेला होता.

सुतक संपल्यावर तो सदरा धुवायला घेतला. खिशात ॲलर्जीच्या गोळ्यांची पट्टी होती, अर्धी रिकामी. धूर करायच्या डब्यामागं तशा रिकाम्या पट्ट्यांची पुरचुंडी सापडली, शाहूपुरीतल्या दुकानाच्या कागदात बांधलेली. गावातल्या मेडिकलवाल्याला कळू नये म्हणून तुम्ही शाहूपुरीतून आणायचात. तिथला दुकानदार म्हणाला, पाचेक वर्षं नेत होते की. पाच वर्षं, आबा. मला चुना लाव म्हणालात तेव्हाही ती गोळी तुमच्या खिशात होती. मेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात. मी रोज बोलते.

आता मी बायकांना मधमाश्या पाळायला शिकवते. पहिल्या दिवशी पेटी उघडतच नाही. आधी जाळी, मोजे, मग इंजेक्शन. आडवं झोपवायचं, मांडीत टोचायचं, लगेच दवाखाना गाठायचा, रोग्याला विचारत बसायचं नाही. हे शेवटचं मी दोनदा सांगते. बायका वह्यांत लिहून घेतात आणि कुणीच विचारत नाही, दोनदा का.

हे पत्र कंपासपेटीतच राहील. इंजेक्शन तुम्हीच नको म्हणालात, मग पोरीनं काय करायचं, असं गाव म्हणालं आणि मीही तेच धरून बसले. पण त्या सकाळी सिरिंज भरलेली माझ्या हातात होती. तुमचा हात सारायला माझ्यात ताकद होती. त्या चौघांच्या देखत तुम्ही एकदा तरी माझ्याकडं ती मागावी, म्हणून मी थांबले होते.