दुर्बिणीखालची फट

कणकवली,
७ मार्च २०२६

चि. भक्ती,

ताईचे आशीर्वाद. इथे सगळे ठीक, काजू यंदा बरा धरलाय. पुण्यात तू वेळेवर जेवतेस असं धरून चालते. फोन सोडून पत्र लिहितेय, कारण फोनवर तू गोड बोलतेस आणि मी विरघळते.

तू विचारलंस, "ताई, दुर्बिणीच्या पायाचं काम संपलं, मग दाखल्यावरची सही का अडवलीस?" सांगते. दुर्बिणीच्या खांबाखालचा जांभा पावसाच्या पाण्याने पोखरला होता. दुर्बीण उतरवून ती पोकळी आम्ही सिमेंटचा रस दाबून भरली, खांब ओळंब्यात आणला. इथवर चोख. मग खांबावर पाण्याची परात ठेवली आणि बाबांना भोवतीच्या फळ्यांच्या जमिनीवर चालायला सांगितलं. वेधशाळेची राखण तेच करतात, माणूस हाताशी होता. पाणी थरथरलं. खांब इमारतीपासून सुटा असायला हवा, नाहीतर कुणी पाऊल टाकलं की तुझे तारे नाचणार.

बाबा म्हणाले, "वाऱ्यान हलला." दारं बंद होती.

सही करत नाही म्हटल्यावर ते बोलले, "तुका भयणीचा बरा बघवना नाय."

खोटं कशाला बोलू, नाहीच बघवत. कामाचा नारळ फोडताना त्यांनी गाऱ्हाणं घातलं, "ह्या आमच्या भक्तीच्या दुर्बिणीक सांभाळ, म्हाराजा." मी तिथेच कमरेइतक्या खड्ड्यात उभी होते. माझं नाव देवाच्या कानावर गेलंच नाही. तू आभाळात बघणार, पेपरात फोटो येणार, बाबा ते कात्रण खिशात घालून गावभर हिंडणार. सड्यावर वेधशाळेत जाताना रोज ओढ्यावरच्या ज्या साकवावरून जातात तो मी बांधलाय, हे त्यांनी कुणाला सांगितल्याचं मी तरी ऐकलं नाही.

सही अडवताना मला बरं वाटलं, भक्ती. ही अमावास्या हुकली तर दुर्बिणीवरची तुझी पाळी पुढच्या वर्षी, हे ठाऊक असून बरं वाटलं. त्याचीच लाज वाटली म्हणून काल पुन्हा सड्यावर गेले. गडी शिमग्याला गेलेले, एकटीनेच जमिनीच्या फळ्या उचलल्या. खांबाभोवती बोटभर फट मुद्दाम ठेवलेली असते. दाराकडच्या बाजूला ती सिमेंटने लिंपलेली होती. अगदी निगुतीने, थापीने, कडेला गोलाई देऊन. ती गोलाई मी ओळखते. आपल्या न्हाणीत बाबांनी केलीय तशीच.

विचारलं तर बाबा तोंड फिरवून बसले. म्हणाले, "थयसून फुरसा भायर येता. चेडू रातभर काळोखात हुबा ऱ्हवतला. चावला म्हणजे?" चेडू म्हणजे लेक, आणि लेक म्हणजे तू.

मला हसावं की रडावं कळेना. याच कामावर माझ्या गमबुटात तसंच विषारी फुरसं निघालं होतं. तेव्हा हेच बाबा बशीतला चहा फुंकत म्हणाले होते, "बूट झाडून घाल गो." माझ्यासाठी त्यांनी कुठलीच फट लिंपली नाही.

छिन्नी-हातोडा घेऊन मी ते सगळं फोडलं. रागाने फोडलं, त्यामुळे लवकर आटपलं. बाबा शेजारी बसून घमेल्यात चुरा भरत होते. परातीतलं पाणी आता हलत नाही. सही केली, कागद पाठवले. 'फटीत सिमेंट आढळले, काढून टाकले' एवढंच लिहिलंय. कुणी भरलं ते फक्त तुला माहीत असावं. तू त्यांना काही बोलू नकोस, तो हक्क माझा.

तेव्हा ये. हेवा गेला असं मात्र समजू नकोस. तो आहे तसाच आहे आणि तो घेऊनच मी तुला स्टेशनवर न्यायला येईन.

फट मोकळीच राहणार, तिला इलाज नाही. माझे गमबूट तुझ्यासाठी वेधशाळेच्या दाराशी ठेवतेय. झाडून घाल गो.

तुझी ताई,
शर्मिला